पाहणे आणि पूजणे : धर्म व कलेचा इतिहास शिकविताना

अभ्यासासाठी शास्त्रभाग : निर्गम ३१:१-११, ३२:१-६, ३५:३०-३५, २ राजे १८:१-४, प्रेषितांची कृत्ये १७:१६-३१

बेंगळुरूच्या उत्तरेस येलहंका हे उपनगर आहे. ज्या केंपेगौडांनी बेंगळुरू वसविले त्यांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. १९९६ साली येथे ‘सृष्टी’ ही कला व डिझाइनचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आणि आज या परिसरात अनेक महाविद्यालये आहेत. शिक्षणासाठी महाराष्ट्रातून या शहरात आलेली काही ख्रिस्ती मुलेमुली रविवारी सायंकाळी आमच्या घरी शास्त्राभ्यासासाठी जमतात. एका रविवारी अभ्यास आटोपल्यावर कलेचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिला बेलूरच्या मंदिरशिल्पांवर प्रबंध लिहावयाचा होता. तिने विचारले, “काकू, अभ्यासासाठी देवळात गेले तर पाप लागेल का? बाबा म्हणतात, विषय बदलून घे.”

हा प्रश्न मी प्रथम ऐकला तो सुमारे तीस वर्षांपूर्वी. ईश्वरविज्ञानाचा अभ्यास संपवून मी नुकतीच आमच्या मंडळीच्या तरुण संघाचे काम पाहू लागले होते. मंडळीतील एका होतकरू मुलाला कलाशाळेत प्रवेश मिळाला होता. तेथे मूर्ती, देवळे, लेणी यांचा अभ्यास करावा लागतो हे कळताच त्याला परावृत्त करण्यासाठी आम्ही काही जण त्याच्या घरी गेलो. मी निर्गमाचा विसावा अध्याय उघडून त्याला दुसरी आज्ञा वाचून दाखविली. त्याने शांतपणे ऐकून घेतले. पुढे त्याने कला सोडली नाही, मंडळी सोडली. त्या दिवशी मी वाचलेले वचन खरे होते, परंतु मी ते अपुरे समजले होते. म्हणून या वेळी उत्तर देण्याची घाई न करता मी त्या मुलीला म्हटले, “आपण सर्व जण मिळून याचा अभ्यास करू.” पुढील काही आठवड्यांत आम्ही जो अभ्यास केला त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहे.

१. आज्ञा नेमकी कशाविषयी आहे?

दुसऱ्या आज्ञेत (निर्गम २०:४-६) जो इब्री शब्द आला आहे तो ‘पेसेल’. त्याचा मूळ अर्थ कोरून घडविलेली वस्तू, आणि आज्ञेच्या संदर्भात उपासनेसाठी कोरलेली मूर्ती. पुढच्याच वचनात आज्ञेचा रोख स्पष्ट होतो : तिच्यापुढे नमावयाचे नाही व तिची सेवा करावयाची नाही. पाहणे, जाणणे, अभ्यास करणे यांविषयी येथे काही सांगितलेले नाही.

भाषांतर करणाऱ्याला आणखी एक शब्द विचारात पाडतो. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा केला असे उत्पत्ती १:२६-२७ मध्ये सांगितले आहे. तेथे इब्री शब्द ‘त्सेलेम’ आहे. गणना ३३:५२ मध्ये कनानातील ज्या ओतीव मूर्तींचा नाश करावयास सांगितले आहे, त्यांच्यासाठीही हाच शब्द आला आहे. मराठीत आपण एके ठिकाणी ‘प्रतिरूप’ म्हणतो व दुसऱ्या ठिकाणी ‘मूर्ती’, आणि ते योग्यच आहे. पण मूळ वाचकाच्या कानावर दोन्ही वेळा एकच शब्द पडत होता. आकृती ही वस्तूच शापित आहे असे शास्त्र मानीत असते तर मनुष्याच्या सर्वोच्च सन्मानासाठी हा शब्द योजला गेला नसता. प्रश्न आकृतीचा नसून तिच्याशी आपण कोणते नाते जोडतो याचा आहे.

या आज्ञेचे पालन कसे करावे याविषयी ख्रिस्ती मंडळ्यांत पूर्वीपासून मतभेद आहेत. इ. स. ७८७ मधील निकिया येथील दुसऱ्या परिषदेने पवित्र चित्रांना आदर देणे आणि केवळ देवाला द्यावयाची उपासना यांत भेद केला. उलट १५२४ साली झुरिकमध्ये धर्मसुधारणेच्या चळवळीत चर्चमधील चित्रे व पुतळे काढून टाकण्यात आले. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी या दुसऱ्या परंपरेचे वारसदार होते. आपल्या अनेक जुन्या मराठी चर्चच्या भिंती कोऱ्या का, याचे एक कारण येथे सापडते. कोरी भिंत हीदेखील कलेच्या इतिहासातील एक साक्ष आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले म्हणजे त्यांना आश्चर्य वाटते.

२. एकच सोने, दोन वस्तू

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेलला नाव घेऊन बोलावितो आणि आपल्या आत्म्याने त्याला परिपूर्ण करितो. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाल्याचे पवित्र शास्त्र प्रथम ज्याच्याविषयी सांगते तो राजा नव्हे, संदेष्टा नव्हे, तर सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि रत्ने घडविणारा कारागीर आहे. पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे : बसालेल व अहलियाब यांच्या मनात देवाने शिकविण्याचीही प्रेरणा घातली (३५:३४). या ठिकाणचे इब्री क्रियापद ‘तोरा’ म्हणजे नियमशास्त्र या शब्दाच्याच धातूपासून आले आहे. कला शिकविणे आणि देवाचे नियम शिकविणे यांसाठी एकाच कुळातला शब्द यावा, ही गोष्ट कलाशिक्षकांनी व शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांनीही ध्यानात ठेवावी.

परंतु एकतिसाव्या अध्यायानंतर लगेच बत्तिसावा येतो. लोक कानांतील सोन्याची कुंडले काढून देतात आणि अहरोन हत्यार घेऊन वासरू घडवितो. पस्तिसाव्या अध्यायात तेच लोक पुन्हा सोन्याचे दागिने आणून देतात आणि त्यांतून देवाच्या निवासमंडपाचे काम होते. लोक तेच, सोने तसेच, कारागिरीही तीच. एका वस्तूपुढे लोक नमले. दुसरीने त्यांना देवाच्या समक्षतेकडे नेले. कोशावर सोन्याचे करूब होते, म्हणजे आकृती दोन्हीकडे होत्या.

याहून बोलके उदाहरण पितळेच्या सापाचे आहे. मोशेने तो देवाच्या आज्ञेने घडविला (गणना २१). अनेक शतकांनंतर लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकिला (२ राजे १८:४). आणि प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना आपल्या उंच केले जाण्याचा अर्थ त्याच सापाच्या आधारे सांगितला (योहान ३:१४). एकच वस्तू प्रथम तारणाची खूण झाली, मग मूर्ती झाली आणि अखेर सुवार्तेचे उदाहरण ठरली. वस्तू कोणी घडविली, लोकांनी तिचे काय केले, तिचा अर्थ कसा पालटला, हे क्रमाने पाहणे म्हणजेच कलेचा इतिहास. तो अभ्यास आपल्याला प्रथम शास्त्रानेच शिकविला आहे.

३. अथेनै नगरात पौलाने काय केले?

अथेनै मूर्तींनी भरलेले पाहून पौलाचा आत्मा खवळला असे कृत्ये १७:१६ सांगते, आणि हे वचन आपण सर्व जण जाणतो. तेविसाव्या वचनाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. तेथे पौल म्हणतो की, नगरात फिरताना त्याने लोकांच्या पूज्य वस्तू पाहिल्या. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ओझरते पाहणे नव्हे. लक्षपूर्वक, पुन्हा पुन्हा निरखणे असा आहे. नव्या करारात ते केवळ दोनदा आले आहे : येथे, आणि इब्री १३:७ मध्ये, जेथे आपल्या पुढाऱ्यांच्या आयुष्याचा शेवट नीट न्याहाळण्यास सांगितले आहे.

पौलाने वेदीवरील लेख वाचला. तेथील कवींचे शब्द त्याला ठाऊक होते. मग तो बोलला, आणि बोलताना त्याने सत्य कोठेही सौम्य केले नाही. मन व्यथित होणे आणि निरखून पाहणे ही दोन्ही एकाच मनुष्याच्या ठायी एकाच वेळी असू शकतात. आपण बहुधा पहिले घेतो व दुसरे सोडतो. सभोवतालच्या धर्मांविषयी आपण व्यासपीठावरून जे बोलतो, त्यांतील कितीतरी गोष्टी आपण स्वतः कधी पाहिलेल्या नसतात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजाऱ्याच्या धर्माविषयी बोलतानाही लागू आहे. ही आपल्या प्रॉटेस्टंट मोजणीप्रमाणे नववी आज्ञा आहे. कॅथलिक बंधुभगिनी तिला आठवी म्हणतात. दुसरी आज्ञा मोडू नये या भीतीने आपण नववी मोडीत तर नाही ना, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

४. एक घंटा, चार प्रश्न

विद्यार्थ्यांना हे कसे शिकवावे? मी एका घंटेपासून आरंभ करिते. वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूसह मरियेची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, आणि त्या निरनिराळ्या देवळांत गेल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकी एक. ‘ही घंटा कोणाची?’ असे विचारताच वर्गात वाद सुरू होतो. तो थांबवून मी मुलांपुढे चार प्रश्न ठेविते.

पहिला प्रश्न : आपल्याला काय दिसते? धातू, घडण, आकडे, आकृती. या टप्प्यावर मत देण्यास मनाई. फक्त पाहावयाचे व शक्य तर कागदावर रेखाटावयाचे.

दुसरा प्रश्न : ही कोणी, कोणासाठी, कशासाठी घडविली? ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेस बोलाविण्यासाठी ती घडली. पण त्या चर्चवर पोर्तुगीज सत्तेची छाया होती, हेही सांगितले पाहिजे.

तिसरा प्रश्न : ज्यांच्यापाशी ती आहे त्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ काय? जिंकणाऱ्यांना ती विजयाची खूण होती. नंतरच्या भाविकांना ती देवळाची घंटा होती. येथे विद्यार्थ्याने स्वतःचे मत सांगू नये; जो पूजा करितो तो आपल्या पूजेविषयी काय सांगेल, हे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावे.

चौथा प्रश्न : ख्रिस्ती या नात्याने माझे म्हणणे काय? याचे उत्तर विश्वासाने व निर्भयपणे द्यावे, पण पहिल्या तिन्हींची उत्तरे दिल्यावरच. एका मुलाने लिहिले की, आपले चर्च तलवारीच्या आश्रयाने उभे राहते तेव्हा त्याची घंटाही तलवारीबरोबर जाते. हे उत्तर मी त्याला शिकविले नव्हते. तीन प्रश्नांनी ते त्याच्याकडून काढून घेतले.

येथे एक सावधगिरीही हवी. कित्येकदा कलाशाळांतून याच्या उलट चूक होते. शैली, काळ, राजवंश, माध्यम इतके शिकविले जाते, पण ती वस्तू ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून घडविली त्यांचा विश्वास वगळला जातो. करुणेविषयी काही न सांगता अजिंठ्याचा पद्मपाणी शिकविणे, किंवा वधस्तंभाविषयी काही न सांगता मायकेलँजेलोचा ‘पिएता’ शिकविणे, म्हणजे पत्र न वाचता अक्षराचे वळण वाखाणण्यासारखे आहे. धर्माच्या भीतीने कला टाळणारे आणि कलेच्या नावाने धर्म टाळणारे, दोघेही अर्धवटच पाहतात.

५. आपल्या स्वतःच्या घराचा इतिहास

दुसऱ्यांची कला पाहण्यापूर्वी आपल्या घरातही डोकावले पाहिजे. १५८० साली रोदोल्फो अक्वाविवा व त्यांचे जेज्वीट सहकारी गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी गेले. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे प्लँतँच्या छापखान्यात छापलेल्या बहुभाषी बायबलचे खंड भेट दिले. अकबराने ते आदराने मस्तकी लाविले असे त्यांच्यातील मोन्सेराते यांनी नोंदविले आहे. त्या बायबलमधील व इतर युरोपीय छापचित्रांवरून मोगल चित्रकारांनी चित्रे काढिली. त्यांतील केसूदास या हिंदू चित्रकाराने १५८८च्या सुमारास मत्तय शुभवर्तमानकाराचे चित्र काढिले. मुसलमान बादशहा, हिंदू चित्रकार, ख्रिस्ती विषय! दुसऱ्याच्या धर्माची आकृती निरखल्याने केसूदासाची कला समृद्धच झाली.

तेच अक्वाविवा गोव्यास परतले आणि जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे सहकाऱ्यांसह मारले गेले. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो. परंतु त्यापूर्वी पोर्तुगीज अंमलात त्या भागातील देवळे पाडली गेली होती, आणि त्यानंतर त्या गावच्या मुखंडांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. हा सर्व इतिहास एकत्र सांगितला तरच तो खरा होतो. हिज्कीयाने फोडला तो साप त्याच्या स्वतःच्या लोकांचा होता. दुसऱ्यांची देवळे पाडण्यास त्याचे उदाहरण पुरत नाही.

त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स सेवा करीत होते. १५७९ साली भारतात आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने मराठीत, ओवी छंदात, ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुवार्तेने मराठी ओवीचे वस्त्र नेसले, आणि गोव्याच्या भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते गाइले.

आता तीन शतके पुढे येऊ. १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव येथे आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. त्यांनी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याजवळ चित्रकलेचे धडे घेतले. गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियेला भारतीय स्त्रीच्या रूपात, साडी नेसलेली दाखविले. त्यांच्याच ख्रिस्ती समाजातून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, आणि अखेर गोवा सोडून ते पुण्यास आले. तेथे शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आश्रय दिला. आश्रमाच्या कार्याचा पाया घालणारे जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू. नारायण वामन टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच १९२३ साली प्रसिद्ध केले. फोन्सेका १९६७ साली निवर्तले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरी येथे झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जतन केलेला आहे.

भाषांतर करणारी म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. मरियेच्या तोंडी मराठी घातली तर चालते, मग तिच्या अंगावर साडी का चालू नये? नासरेथची मरिया मराठी बोलत नव्हती, तशीच ती युरोपीय चित्रांतला निळा झगाही घालीत नव्हती. जे चित्र आपण ‘खरे’ समजत होतो तेही एक भाषांतरच होते. फक्त ते दुसऱ्या देशाच्या भाषेत होते. हे ज्यांना कोणी शिकविले नाही, त्यांनी आपल्याच चित्रकाराला परके केले. कलेच्या इतिहासाचे अज्ञान मंडळीला किती महाग पडते, याचे यापेक्षा दुसरे उदाहरण शोधावयास नको.

पुढे हे काम बेंगळुरू परिसरातही झाले. पुण्यात १९४४ साली जन्मलेले ज्योती साही यांनी येलहंकापासून फार दूर नसलेल्या सिल्वेपुरा गावी कला आश्रम उभारला, आणि भारतीय प्रतीकांच्या भाषेत ख्रिस्ती विश्वास मांडण्याचा मार्ग अनेक विद्यार्थ्यांना दाखविला. त्यांच्या प्रत्येक चित्राशी आपण सहमत व्हावे असे नाही. पण नाकारण्यापूर्वी पाहणे हे आपले कर्तव्य आहे.

६. देवळाच्या उंबरठ्यावर

तत्त्व समजले तरी विद्यार्थ्याला व्यवहाराचे प्रश्न पडतात. ज्या स्थळी आज पूजा होत नाही, जसे सोमनाथपूरचे केशव मंदिर किंवा वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी बहुतेक, तेथे अडचण थोडी. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात मात्र आजही पूजा चालते. अशा ठिकाणी पादत्राणे काढावीत. तो यजमानाचा मान आहे. थट्टा करू नये, पूजेच्या वेळी आडवे येऊ नये. पूजेत सहभागी होऊ नये, आणि प्रसाद वा तीर्थ पुढे आले तर नम्रतेने नाही म्हणावे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा व दहावा हे अध्याय जाण्यापूर्वी वाचावेत. ज्याचा विवेक अशक्त आहे त्याला आग्रह करून नेऊ नये, आणि जो जातो त्याला भ्रष्ट म्हणू नये.

आमची विद्यार्थिनी बेलूरला गेली. पुजाऱ्यांनी तीर्थ देण्यासाठी पळी पुढे केली तेव्हा तिने हात जोडून सांगितले, “मी ख्रिस्ती आहे, अभ्यासासाठी आले आहे.” त्यांनी पळी मागे घेतली आणि बाहेरच्या भिंतीवरील मदनिकांकडे बोट दाखवून म्हटले की, खालचे लेखही बघ. त्या शिल्पांच्या खाली घडविणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत; बळ्ळिगावीहून आलेले दासोज व त्यांचा पुत्र चावण यांची नावे त्यांत आहेत. १११७ साली होयसळ राजा विष्णुवर्धनाच्या काळात हे मंदिर प्रतिष्ठापिले गेले, आणि २०२३ साली युनेस्कोने होयसळ मंदिरांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. राजांची नावे पुस्तकांत राहतात. येथे कारागिरांची नावे दगडावर राहिली. तिने ती जुनी कन्नड अक्षरे वहीत जशीच्या तशी उतरविली.

नाताळच्या सुट्टीत ती घरी गेली तेव्हा वडिलांनी वही चाळली. “घडविणाऱ्यांची नावे खरोखर कोरली आहेत?” इतकेच त्यांनी विचारले, आणि त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी निर्गमाचा एकतिसावा अध्याय वाचला. बसालेलचे नाव देवाने आपल्या ग्रंथात असेच नोंदवून ठेविले आहे.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीतील मुले आज कला, वास्तुशास्त्र, इतिहास, पर्यटन अशा अनेक विषयांकडे वळत आहेत. ती देवळापाशी, लेण्यांपाशी, मशिदीपाशी उभी राहणारच आहेत. तेथे त्यांनी डोळे मिटून उभे राहावे की उघड्या डोळ्यांनी व स्थिर विश्वासाने, हे आपण त्यांना काय शिकवितो यावर अवलंबून आहे. तीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाला मी केवळ एक वचन वाचून दाखविले. आज तो भेटला तर मी प्रथम त्याची क्षमा मागेन, आणि मग त्याने काढलेली चित्रे दाखविण्याची त्याला विनंती करीन.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम ३१, ३२ व ३५ हे अध्याय एकत्र वाचा. निवासमंडपाच्या कामात आणि वासरू घडविण्याच्या कामात नेमका फरक कोणता?

२. हिज्कीयाने पितळेचा साप फोडला, तरी येशूने त्याचे उदाहरण दिले. यावरून जुन्या धार्मिक वस्तूंकडे कसे पाहावे?

३. तुमच्या गावातील एखादी धार्मिक वास्तू निवडा आणि वरील चार प्रश्न क्रमाने विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे उपासना करणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. ते त्याला मान्य झाले का?

४. तुमच्या चर्चच्या भिंतींवर काय आहे, किंवा काय नाही? ते तसे का, हे मंडळीतील वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्या.

५. मंडळीतील एखादे मूल कलेचे शिक्षण घेत असेल तर त्याच्यासाठी मंडळीत प्रार्थना होते का? त्याचे काम पाहण्यास कोणी गेले आहे का?